विज्ञानाच्या ताज्या बातम्या आणि हायस्कूलचा जीवशास्त्राचा तास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्र शिकवणाऱ्या बऱ्याच जणांकडून हेच प्रश्न परत परत येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतायत ते कळेल. बातमी वर्गात आणायची ती धड्यातली एखादी कल्पना वापरल्याशिवाय मुलांना ती बातमी समजूच नये म्हणून. धडा रंगतदार व्हावा एवढ्यासाठीच आणली तर तासाभरात विसरली जाते.

आधीच पोर्शन संपत नाही, त्यात बातम्यांना वेळ कुठून काढायचा?

जास्तीचा वेळ काढायचाच नाही. धड्यात आपण कुठलं ना कुठलं उदाहरण देतोच, त्या उदाहरणाच्या जागी बातमी ठेवायची. उत्परिवर्तन (जनुकातला बदल) शिकवताना सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण जवळपास सगळीकडे असतं, तिथेच थांबण्याऐवजी २०२३ च्या शेवटी आलेली उपचाराची बातमी जोडली तर पाच-सात मिनिटं जास्त जातात, आणि ती पुढे जनुकं चालू-बंद कशी होतात हे शिकवताना वसूल होतात कारण तेव्हा नवं उदाहरण शोधावं लागत नाही. दर तासाला बातमी पाहिजे असं अजिबात नाही. एका धड्याला एक चांगली बातमी पुरते आणि काही धड्यांना एकही मिळाली नाही तरी चालतं. ओढूनताणून चिकटवलेली बातमी मुलं लगेच ओळखतात.

एवढ्या बातम्या येतात, त्यातली निवडायची कशी?

मी एक वाक्य पूर्ण करून बघते: "ही बातमी समजायला मुलांना अमुक एक गोष्ट माहीत असावी लागते." त्या "अमुक"च्या जागी धड्यातली एक नेमकी कल्पना बसली, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन किंवा विकर किंवा सहजीवन, तर बातमी घ्यायची. तिथे नुसतं "जीवशास्त्र" किंवा "पेशी" असं मोघम काहीतरी लिहावं लागलं तर सोडून द्यायची, मग ती कितीही गाजत असली तरी. आणि शोध धड्यापासून सुरू करायचा. सकाळी काहीतरी भारी वाचलं आणि ते आजच्या तासात कसं घुसवू असा विचार केला की बहुतेक वेळा तास भरकटतो, त्यापेक्षा ती बातमी बाजूला ठेवा, तिचा धडा येईल तेव्हा काढा.

बातमी आधी सांगायची की धडा आधी शिकवायचा?

बातमीतून प्रश्न उभा राहत असेल तर आधी, बातमी समजायलाच बरेच शब्द लागत असतील तर नंतर. पण आधी सांगितली तर उत्तर देऊ नका, फळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवा आणि धडा संपताना मुलांनाच उत्तर द्यायला लावा. आधी बातमी, लगेच तिचं स्पष्टीकरण आणि मग धडा असा क्रम लावला की मुलांना धड्याची गरजच उरत नाही.

पेशीच्या धड्याला कुठली बातमी जोडता येईल?

इथे दोन इतक्या सुंदर बातम्या आहेत की मला दोन्ही वापराव्याशा वाटतात.

पहिली २०२२ ची. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटांवर खारफुटीच्या दलदलीत एक जीवाणू सापडला, थायोमार्गारिटा मॅग्निफिका, आणि त्याची एकच पेशी साधारण १ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे पांढऱ्या बारीक धाग्यासारखी नुसत्या डोळ्यांना दिसते. आता मुलांनी नुकतंच शिकलेलं असतं की जीवाणू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि त्यांचा डीएनए पेशीद्रवात मोकळा असतो. ह्याचा डीएनए मात्र पटलाच्या छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये भरलेला असतो. मग विचारा, हा आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेला) की दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेला)? मुलं भांडतात, आणि भांडता भांडता केंद्रक म्हणजे नेमकं काय, नुसतं पटलात गुंडाळलेला डीएनए म्हणजे केंद्रक का, ह्या मुद्द्यावर येतात. (तो जीवाणूच आहे.) मोठ्या पेशीला आतपर्यंत पदार्थ पोचवायची अडचण येते हेही इथेच शिकवता येतं, कारण त्याच्या आतली बरीचशी जागा एका मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते आणि कामाचा भाग कडेच्या पातळ थरात असतो.

दुसरी एप्रिल २०२४ ची, नायट्रोप्लास्टची. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी नावाचं समुद्रातलं एकपेशीय शैवाल आहे, त्याच्या पोटात हवेतला नायट्रोजन स्थिर करणारा जीवाणू राहतो असं आधी धरलं जायचं. पण तो शैवालाच्या पेशीसोबत ठरलेल्या वेळी विभागतो आणि त्याला लागणारी कितीतरी प्रथिनं शैवालच बनवून आत पाठवतं असं दिसलं, म्हणून त्याला आता पेशीचं अंगक (पेशीतला ठरावीक काम करणारा भाग) म्हणायला हवं असं संशोधकांनी मांडलं. तंतुकणिका आणि हरितलवकं एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होती हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरात मांडलं होतं, पुस्तकात ते एका ओळीत येतं आणि मुलांना कुणीतरी रचलेली गोष्ट वाटते. नायट्रोप्लास्ट दाखवला की तीच प्रक्रिया तुलनेने अलीकडे, म्हणजे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, परत झाली हे दिसतं. वर्गात विचारायचा प्रश्न एकच, आत राहणारा पाहुणा अंगक झाला हे कशावरून ठरवायचं? निकष मुलांनाच बनवू द्या.

आनुवंशिकतेला जनुक-संपादनाची बातमी जोडायची तर नेमकं काय सांगायचं? मुलं फक्त "क्रिस्पर, कात्री" एवढंच लक्षात ठेवतात.

हो, कात्रीचं चित्र चिकटतं आणि बाकी सगळं गळून जातं. म्हणून मी तंत्रापेक्षा एका उपचाराच्या मागे जाते. कॅसजेव्ही हा क्रिस्परवर (डीएनए नेमक्या जागी कापायच्या तंत्रावर) आधारलेला पहिला मंजूर उपचार, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झाला.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजीच्या जागी जीटीजी, त्यामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात, पेशी कोयत्यासारखी वाकते. इथपर्यंत पुस्तकात असतं. आता वर्गाला विचारा की उपचार करताना काय बदलतील? सगळे सांगणार की ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतील. तसं केलेलंच नाही! आईच्या पोटात असताना बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होत जातं, ते बंद ठेवणारं एक जनुक आहे, बीसीएल११ए. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून त्या जनुकाचा रक्तपेशींपुरता चालणारा स्विच मोडला जातो, मग पेशी परत शरीरात सोडल्या की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं आणि ते तसं चिकटत नाही.

आता खरा प्रश्न, आणि ह्याच्यासाठीच ही बातमी मला इतकी आवडते: बरं वाटलेल्या त्या रुग्णाला पुढे मूल झालं तर मुलाकडे सिकलसेलचं जनुक जाईल का? जाईल, कारण बीटा साखळीचं जनुक तसंच आहे आणि बदल फक्त रक्ताच्या मूळपेशींत झालाय, शुक्रपेशी-अंडपेशींत नाही. एका प्रश्नात उत्परिवर्तन, जनुकांचं नियंत्रण, कायिक पेशी आणि जननपेशीतला फरक, पनेट चौकोन (मुलांकडे जनुकं कशी जातील ते मांडणारा तक्ता), सगळं वापरावं लागतं. ह्यावर पूर्ण तास गेला तरी मला वाईट वाटत नाही.

उत्सर्जन, संप्रेरकं असल्या धड्यांना ताज्या बातम्या मिळतच नाहीत.

मिळतात, फक्त त्या बातम्यांच्या मथळ्यात धड्याचं नाव नसतं. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बाळाची बातमी जगभर आली, त्याच्या एकट्यासाठी बनवलेला जनुक-उपचार त्याला दिला होता. सगळे मथळे जनुक-संपादनाबद्दल होते. पण बाळाला झालं काय होतं? यकृतात अमोनियाचं युरियात रूपांतर करणाऱ्या साखळीतलं पहिलंच विकर, सीपीएस१, नीट काम करत नव्हतं, त्यामुळे प्रथिनं पचल्यावर तयार होणारा अमोनिया रक्तात साठत होता आणि अमोनिया मेंदूला घातक असतो. म्हणजे ही उत्सर्जनाच्या धड्याचीच बातमी आहे. आपण अमोनिया थेट का टाकून देत नाही, माशांना ते कसं परवडतं, त्या बाळाला प्रथिनं मोजून का द्यावी लागत होती, हे प्रश्न विचारा. उपचार यकृताकडेच का पाठवला हेही मुलं आपोआप सांगतात.

संप्रेरकांसाठी वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या आहेतच, मुलांनी त्या ऐकलेल्या असतात. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक सुटतं, ते इन्सुलिन वाढवायला मदत करतं, पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि भूक शमल्याचा निरोप देतं. शरीरातलं जीएलपी-१ काही मिनिटांतच तोडलं जातं, सेमाग्लुटाइड ह्या इंजेक्शनातल्या औषधामध्ये त्याची रचना थोडी बदलल्यामुळे ते रक्तात निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो. संप्रेरक काम झाल्यावर पटकन नष्ट का व्हावं लागतं, हा प्रश्न पुस्तकात क्वचितच विचारतात आणि इथे तो आयता मिळतो. फक्त चर्चा मुलांच्या वजनाकडे जाऊ देऊ नका, ते पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

रोगप्रतिकारशक्तीला?

डुकराच्या मूत्रपिंडाचं माणसात प्रत्यारोपण, मार्च २०२४, बोस्टन. त्या मूत्रपिंडात ६९ जनुकीय बदल केले होते आणि त्यांची विभागणी सांगितली तरी अर्धा धडा होतो. डुकराच्या पेशींवर काही शर्करा असतात ज्यांच्यावर आपली प्रतिपिंडं लगेच तुटून पडतात, त्या शर्करा बनवणारी ३ जनुकं काढली, माणसाची ७ घातली, आणि डुकराच्या डीएनएमध्येच दडून बसलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केल्या. मुलांना आधी फक्त ३, ७ आणि ५९ हे आकडे द्या आणि प्रत्येक गट कशासाठी असेल ते ओळखायला सांगा. रक्तगटाचा धडा झालेला असेल तर पहिला गट ती ओळखतातच.

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमॉन साकागुची यांना मिळालं, रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशींच्या कामासाठी. आपलं शरीर स्वतःवरच हल्ला का करत नाही हा प्रश्न मुलांच्या डोक्यात असतोच, तेव्हा विचारलाच कुणी तर हे हाताशी ठेवा.

उत्क्रांती तर लाखो वर्षांची गोष्ट, तिची कसली ताजी बातमी?

प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू, दर काही महिन्यांनी बातमी येतेच. पण तिथे एक काळजी घ्या, बातमीत हमखास असं वाक्य असतं की "जीवाणूंनी औषधाला तोंड द्यायला स्वतःत बदल केले". हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना दुरुस्त करायला सांगा. बदल आधीच काही जीवाणूंत योगायोगाने झालेला असतो, औषधाने बाकीचे मरतात, उरलेले वाढतात. नैसर्गिक निवड समजली की नाही हे तपासायला माझ्या मते ह्यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

आणि बातमी ताजीच हवी हा हट्टही सोडा. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जीवाणूंच्या १२ वसाहती वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवायला सुरुवात केली, दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. त्यातल्या एकाच वसाहतीत ३१,००० हून जास्त पिढ्यांनंतर ऑक्सिजन असताना सायट्रेट खाण्याची क्षमता आली, हे २००८ मध्ये जाहीर झालं. मग गोठवलेले जुने नमुने परत वाढवून तपासता आलं की हे परत घडतं का आणि कुठल्या पिढीपासून पुढे घडतं. मुलांसाठी हे आज कळलं म्हणजे आजचंच आहे.

पर्यावरणाच्या धड्यांचं काय?

तिथे बातम्यांची टंचाई नाही, उलट त्या इतक्या येतात की मुलं सुन्न होतात. म्हणून एकच यंत्रणा समजावणारी निवडा. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळांचं चौथं जागतिक विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतं का? लगेच नाही. पाणी तापल्यावर त्याच्या ऊतींमधली प्रकाशसंश्लेषण करणारी शैवालं निघून जातात, रंग जातो आणि अन्नाचा मुख्य स्रोतही जातो, पाणी वेळेत थंड झालं तर शैवालं परत येऊ शकतात. सहजीवन, प्रकाशसंश्लेषण आणि अन्नसाखळी एकत्र आलं, शिवाय काहीतरी वाचू शकतं हेही मुलांना कळतं.

बातमी खरी आहे की फुगवलेली, हे मुलांना कसं शिकवायचं?

एखादी फुगवलेली बातमी घेऊनच. एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल कंपनीने जाहीर केलं की नामशेष झालेला डायर वुल्फ हा लांडग्यासारखा प्राणी परत आणला, पांढऱ्याशुभ्र पिल्लांचे फोटो सगळीकडे फिरले. केलं काय होतं ते नीट वाचलं तर, करड्या लांडग्याच्या पेशी घेऊन १४ जनुकांमध्ये मिळून २० बदल केले आणि त्यापासून पिल्लं जन्माला आली. लांडग्याचा जीनोम (संपूर्ण डीएनए) साधारण २४० कोटी अक्षरांचा असतो, आणि २०२१ च्या एका अभ्यासात डायर वुल्फची शाखा करड्या लांडग्यांच्या पूर्वजांपासून ५० लाखांहून जास्त वर्षांपूर्वी वेगळी झाल्याचं दिसलं होतं. मग हा डायर वुल्फ की बदल केलेला करडा लांडगा? अनेक शास्त्रज्ञांनी दुसरं उत्तर दिलं. मुलांना मात्र उत्तर सांगू नका, "प्रजाती" ह्या शब्दाची पुस्तकातली व्याख्या काढायला सांगा आणि ती इथे लावून बघू द्या. तंत्र म्हणून ते काम भारीच आहे, हेही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं की शंका घेणं म्हणजे नावं ठेवणं.

एरवी प्रत्येक बातमीला मी चारच गोष्टी विचारायला लावते. प्रयोग कशावर झाला, माणसावर की उंदरावर की काचेच्या बशीतल्या पेशींवर? किती जणांवर? तुलनेसाठी दुसरा गट होता का? आणि बातमीत संशोधनात नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाचं मत घेतलंय का? पहिल्या प्रश्नानेच अर्ध्या "चमत्कारी औषधांचा" निकाल लागतो.

टक्केवारीच्या बातम्यांनी मुलं घाबरतात, ते कसं हाताळायचं?

धोका "१८ टक्क्यांनी वाढतो" म्हणजे कुठून कुठे वाढतो, हे विचारायची सवय लावा. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. बऱ्याच जणांनी ते शंभरातल्या अठरा जणांना होतो असं वाचलं. समजा एरवी १०० पैकी ५ जणांना होत असेल तर १८ टक्के वाढ म्हणजे ५ चे साधारण ६ होतात. एक जादा माणूस, तोही महत्त्वाचा, पण अठरा नाही. गणिताच्या शिक्षकांना सोबत घेतलं तर हा तास अजून छान होतो.

"संबंध आढळला" म्हणजे "कारण सापडलं" नाही, हे शिकवायला उदाहरण?

सगळे चुकीच्या संबंधांचीच उदाहरणं देतात, मी उलट एक भक्कम उदाहरण देते म्हणजे कारणापर्यंत पोचायला काय काय लागतं ते दिसतं. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या २० वर्षांच्या नोंदी वापरून एक अभ्यास आला, एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मज्जासंस्थेच्या आजाराचा धोका ३२ पट वाढतो असा. संसर्ग आधी, आजार नंतर, हा क्रम जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून तपासला होता, आणि दुसऱ्या तशाच पसरणाऱ्या विषाणूने धोका वाढत नाही हेही बघितलं होतं. आणि मग मुलांना सांगा की बहुतेक प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो, तरी हा आजार फार थोड्यांना होतो. मग विषाणू कारण आहे की नाही? आवश्यक असणं आणि पुरेसं असणं ह्यातला फरक पंधरा वर्षांच्या मुलांना इथे बरोबर कळतो.

पुस्तकात एक आणि बातमीत दुसरंच, मग मुलं म्हणतात पुस्तक चुकीचं आहे.

बहुतेक वेळा पुस्तक चुकीचं नसतं, अपुरं असतं, आणि हा फरक स्वच्छ सांगायचा. मानवी जीनोम २००३ मध्ये पूर्ण झाला असं आपण शिकवतो, पण जवळपास ८ टक्के भाग तेव्हाच्या तंत्राने वाचताच येत नव्हता, तो २०२२ मध्ये वाचून झाला. आधीचं काम खोटं ठरलं नाही, राहिलेलं भरलं गेलं.

पण कधीकधी खरंच चूक असते, तेही लपवू नका. २०१० मध्ये एका जीवाणूबद्दल दावा आला की तो डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो. २०१२ मध्ये दुसऱ्या गटांनी तो जीवाणू तपासून दावा टिकत नाही असं दाखवलं, आणि जुलै २०२५ मध्ये "सायन्स" नियतकालिकाने तो पेपर मागे घेतला, मूळ लेखकांचा विरोध असतानाही. डीएनएची रचना शिकवताना फॉस्फेटचा कणा का लागतो हे सांगायला ही गोष्ट वापरता येते, आणि पेपर छापून आला म्हणजे वाद मिटला असं नसतं हेही कळतं.

मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?

"हे मला माहीत नाही, आपण शोधू" एवढंच म्हणायचं आणि पुढच्या तासाला खरंच उत्तर घेऊन जायचं. ताज्या बातम्यांमध्ये तर कित्येक प्रश्नांची उत्तरं अजून कुणाकडेच नसतात. भिंतीवर एक कागद लावा, अनुत्तरित प्रश्न त्यावर तारखेसकट लिहा.

मूळ शोधनिबंध मुलांना वाचायला द्यावा का?

पूर्ण नको. एक आकृती द्या. अक्षांवरची नावं झाका आणि काय मोजलं असेल ते ओळखायला सांगा, मग नावं दाखवा, मग बातमीचा मथळा दाखवा आणि आकृतीतून तेवढं सिद्ध होतं का ते विचारा. दहावीच्या वयाची मुलं हे व्यवस्थित करतात. वरच्या वर्गांसाठी गोषवारा द्यायला हरकत नाही, सोबत दहा-बारा शब्दांचे अर्थ लिहून द्या.

बातमीतला आजार वर्गातल्याच कुणाला असेल तर?

हे आधी बघायचं, नंतर नाही. शक्य असेल तर त्या विद्यार्थ्याशी किंवा पालकांशी आदल्या दिवशी एकांतात बोला, कसं चालेल ते विचारा, आणि नको म्हटलं तर दुसरी बातमी घ्या. वर्गात त्या मुलाकडे बघून "तू सांग ना तुझा अनुभव" असं कधीच म्हणू नका. "सिकलसेलचे पेशंट" न म्हणता "सिकलसेल असलेली माणसं" म्हणा, "सदोष जनुक" न म्हणता "बदललेलं जनुक" म्हणा. घरातल्यांची रक्ततपासणी, वंशवृक्ष असले प्रोजेक्ट सक्तीचे करू नका, कुणाच्या घरात काय दडलेलं असेल ते आपल्याला माहीत नसतं.

जनुकं बदललेल्या बाळांसारखे वादाचे विषय घ्यावेत का?

घ्यावेत, पण आधी जीवशास्त्र आणि मग मतं. २०१८ मध्ये हे जियानकुई नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने भ्रूणातच जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं, त्यावर जगभर टीका झाली आणि २०१९ च्या अखेरीस चीनमधल्या न्यायालयाने त्यांना ३ वर्षांची शिक्षा सुनावली. ही बातमी कॅसजेव्हीच्या शेजारी ठेवा आणि आधी एवढंच विचारा, कुठला बदल पुढच्या पिढीत जाईल आणि का? हे लिहून झाल्यावरच योग्य-अयोग्यवर बोलायचं. नाहीतर ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच चर्चा होते.

परीक्षेत हे येत नाही, मग पालकांना काय सांगायचं?

बातमी येत नाही, तिच्यातली कल्पना येते. आणि आता बऱ्याच परीक्षांमध्ये उतारा किंवा आलेख देऊन त्यावर प्रश्न असतात, तिथे हीच मुलं अडखळत नाहीत. तुम्ही स्वतः चाचणीत एक तरी प्रश्न असा घाला की ज्यात बातमीच्या चार ओळी दिल्या आहेत आणि उत्तर मात्र धड्यातून द्यायचंय. गुण मिळतात म्हटल्यावर मुलंही गंभीरपणे घेतात.

प्रोजेक्टर, इंटरनेट काहीच नाहीये.

लागत नाही. चार वाक्यं स्वतःच्या शब्दांत फळ्यावर लिहा, मुलांच्या भाषेत. तुम्ही लिहिलेली चार वाक्यं बहुतेक वेळा मूळ बातमीपेक्षा जास्त उपयोगी पडतात कारण त्यात फाफटपसारा नसतो.

मुलंच फॉरवर्ड घेऊन येतात आणि विचारतात हे खरं का?

आनंदाने घ्या, हसू नका, नाहीतर पुढच्या वेळी विचारणार नाहीत. तारीख, मूळ ठिकाण आणि वरचे चार प्रश्न, एवढं सगळ्यांनी मिळून तपासा. तब्येतीबद्दलचा घातक सल्ला असेल तर मात्र चर्चा लांबवू नका, हे करू नका असं आधी स्पष्ट सांगा आणि कारण नंतर.

एआयकडून बातमी सोपी करून घेतली तर चालेल का?

मसुद्यापुरती चालेल. पण आकडे, नावं आणि "उंदरांमध्ये", "प्राथमिक निष्कर्ष" असे शब्द टिकलेत का ते मूळ बातमीशी ताडून बघा, सोपं करताना नेमके तेच गळतात.

चांगल्या बातम्या शोधायच्या कुठे?

एचएचएमआय बायोइंटरॅक्टिव्ह ह्या साइटवर खऱ्या संशोधनातल्या आकृत्या शिक्षकांसाठीच्या टिपांसकट फुकट मिळतात. "सायन्स इन द क्लासरूम" वर खरे शोधनिबंध कठीण शब्दांच्या खुलाशांसकट आहेत. पबमेडवर संशोधनाचा गोषवारा शोधता येतो. बायोआर्काइव्हवर जे असतं ते तज्ज्ञांनी तपासण्याआधीचं असतं, तिथून काही घेतलं तर तसं वर्गात सांगा. नोबेलच्या संकेतस्थळावर दर ऑक्टोबरला सोप्या भाषेतली माहितीपत्रकं येतात, ती चित्रांसाठी तर जरूर बघा.

आणि सापडलेली बातमी धड्याच्या नावाने वहीत टिपून ठेवा, सोबत विचारायचा एक प्रश्न. पुढच्या वर्षी तो धडा आला की आधी बघा त्या बातमीचं पुढे काय झालं, आणि काही बदललं असेल तर तेच नव्या वर्गाला पहिल्यांदा सांगा.